सव्वा मूठ गहू, बारा तासांची पाळी

नवापूरचे स्टेशन दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. नवखा प्रवासी त्या बाकापाशी उतरून हमखास फोटो काढतो. आमच्या डब्यात मात्र कुणी खिडकीबाहेर पाहिलेसुद्धा नाही. अमळनेरला चढलेली बाई ज्वारीची पिशवी पायाशी घेऊन डुलक्या काढत होती. दोंडाईच्याचे दोघे भाऊ मिरचीचे पोते कुठल्या बाकाखाली सरकवायचे यावर अजून बोलत होते. राज्य बदलल्याची खूण त्या डब्यात एकच दिसली. फेरीवाल्याच्या टोपलीत भेळीच्या जागी खमण आले.

तापीच्या खोऱ्यातून जाणारा हा लोहमार्ग 1900 च्या सुमारास एका खाजगी कंपनीने घातला. या रुळांवरून खान्देशचा कापूस गेला आणि पुढे कापसामागोमाग माणसे गेली. 1972 चा दुष्काळ आला. नंतरच्या वर्षांत अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्याच सुमारास सुरतेत कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे माग वाढत गेले. ज्याच्या घरात गिरणीची पाळी होती त्याला मागाची पाळी नवी नव्हती. आज सुरतेच्या पूर्वेला आणि दक्षिणेला लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा अशा वस्त्यांत खान्देशची गावेच्या गावे नांदतात. या भागाचा समावेश असलेल्या नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातले.

समोरच्या बाकावरचा तरुण फोनवर बोलत होता. "हा, बरं शे. जेवन व्हयनं. काम चालू शे." एवढेच बोलून त्याने फोन ठेवला. ज्वारीवाली बाई डोळे न उघडता म्हणाली, आम्ही चिठ्ठ्या पाठवायचो तेव्हाही हेच लिहायचो, सर्व खुशाल. मग उठून बसली आणि आपण होऊन सांगू लागली. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे काही दिवसांत सुरत सोडून पळाली, तेव्हा ती याच मार्गाने गावी गेली होती. लेकराला लुगड्यात बांधून घेतले होते. गावात गेल्यावर सासूने विचारले, काय झाले गं तिकडे? "मी सांगितलं, काही नाही, आजार आला होता." ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा दोन दिवस ती गच्चीवर होती. पाणी ओसरल्यावर गावी निरोप गेला तो हाच, आम्ही बरे आहोत. हे सगळे सांगताना तिच्या आवाजात काहीच चढउतार नव्हता. हात मात्र पिशवीचे तोंड पुन्हा पुन्हा आवळत होता.

मी निघाले होते ती एका आमंत्रणावरून. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. मांडवात अनुभव, अभिव्यक्ती, अस्सलता असे शब्द घटकाघटकाला कानावर पडत होते. जेवणाच्या रांगेत वाढायला उभ्या असलेल्या एका गृहस्थांशी माझे बोलणे झाले. त्यांची बहीण गोडादऱ्यात राहते, मेहुणे माग चालवतात. "कानबाईले या ताई, गोडादराले," ते म्हणाले. कानबाई हा खान्देशचा श्रावणातला सण. त्याच वर्षीच्या श्रावणात मी गेले.

उधन्याला उतरून पूर्वेकडे निघाले की सुरत आपले चकचकीत रूप हळूहळू मागे टाकते. उड्डाणपूल संपतात आणि रस्त्यावर टेम्पो वाढतात. टेम्पोत ग्रे कापडाचे ताके, स्कूटरवर पुढे-मागे साड्यांचे पोटले, आणि त्या पोटल्यांच्या मधून कसेबसे डोके वर काढलेला चालक. गोडादरा 2006 च्या हद्दवाढीपर्यंत सुरतेबाहेरचे खेडे होते. आता तिथे शेत शोधून सापडत नाही. मोकळ्या प्लॉटांवर लागून लागून उभी राहिलेली अरुंद घरे आहेत. तळमजल्यावर दुकान, वर दोन-तीन मजले भाड्याच्या खोल्या, आणि त्यांच्यापर्यंत जाणारा शिडीसारखा उभा लोखंडी जिना. काही भिंतींवर कमरेच्या उंचीवर पिवळट रेघ दिसते. पावसाळ्यात खाडीचे पाणी चढते, त्याची ती खूण.

पाट्या वाचत चालावे असा हा भाग आहे. गुजराती लिपीतली किराणा दुकाने, देवनागरीत रंगवलेली 'खान्देशी शेवभाजी', मधेच ओडिया अक्षरांतली भुसाऱ्याची पाटी, मारवाडी मिठाईवाला, भोजपुरी गाण्यांवर चालणारे मोबाईलचे दुकान. संध्याकाळी गाड्या लागतात. सुरती आलूपुरी आणि लोचो विकणाऱ्याच्या शेजारीच बाजरीची भाकरी थापणारी शिरपूरकडची बाई बसते. तिच्या पातेल्यातल्या शेवभाजीचा तर्रीदार रस्सा पाहूनच डोळ्यांत पाणी यावे. सुरतेची रीत अशी की रविवारी चूल पेटवायची नाही, सगळ्या घराने बाहेर खायचे. खान्देशी मंडळींनी ती रीत आनंदाने उचलली आहे, पण बाहेर जाऊन खातात ते बरेचदा घरचेच. पुण्यात आम्ही बाहेर खायला जातो ते घरात नसते ते खायला. इथे रस्त्यावर बसून माणसे आपले गाव खात होती.

पत्ता सापडला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दारात त्या गृहस्थांच्या बहिणीने, म्हणजे वहिनींनी, पायांवर पाणी घातले, आतून त्यांच्या मेहुण्यांनी, अप्पांनी, "या, या, ताई!" अशी हाक मारली. ती हाक इतकी मोठी होती की खालच्या गल्लीतले पोर वर बघू लागले. टीव्हीचा आवाजही तसाच. अप्पा मला प्रवास कसा झाला, गाडीला गर्दी होती का, असे विचारत होते आणि मी उत्तर देताना माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते. थोड्याच वेळात लक्षात आले की घरातली मंडळी त्यांच्याशी बोलताना हातही वापरतात. वहिनींनी स्वयंपाकघरातून नुसती दोन बोटे वर केली, अप्पांनी मान हलवली, आणि दोन कप चहा आला. मुलीने लांबून मनगट गोल फिरवले तशी अप्पांनी उठून गॅसची टाकी बदलली. पंधरा-वीस मिनिटांत त्या घरात तीन-चार निर्णय झाले आणि त्यांतला एकही कानांनी घेतलेला नव्हता.

हे हात कुठून आले ते दुसऱ्या दिवशी कळले. अप्पांची दिवसपाळी होती. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी मला लिंबायतच्या एका गल्लीतल्या खात्यात नेले. मागांच्या शेडला इथे खाते म्हणतात आणि मागाला साचा. नाव सांगण्यासारखे काही नाही, तसली खाती त्या गल्लीत ओळीने आहेत. दार उघडल्यावर पहिल्यांदा आवाज कानात आलाच नाही. तो पायांतून आला. मग बरगड्यांत, मग दातांत. जमिनीवर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात गोल लाटा उठत होत्या आणि त्या थांबत नव्हत्या. दोन रांगांत साचे होते. प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटत होता आणि भीमावरून उतरलेला पांढरा ताणा तसूतसूने कापड होत होता. अप्पांकडे आठ साचे. ते त्यांच्या मधल्या बोळातून सतत चालत होते. कुठे वाकून तुटलेला धागा जोडत, कुठे रिकामी झालेली कांडी बदलत. एका क्षणी त्यांनी माझा तळवा धरून साच्याच्या लोखंडावर ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. मला काही सांगायचे आहे का, हे ते पाहत असावेत. सांगण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते. नुसता हात होता.

त्या खात्यात गंजामकडचा एक ओडिया मुलगा, आझमगढचे एक मध्यमवयीन गृहस्थ, धरणगावचे दोघे आणि अप्पा असे काम करत होते. चिमटीतून धागा ओढल्यासारखे केले की 'तुझ्या चौथ्या साच्यावर तुटलाय'. मनगट गोल फिरवले की 'भीम संपत आला'. ओठांजवळ दोन बोटे म्हणजे चहा. छातीवर खिशाच्या जागी बोट टेकवले की मेहताजी हिशेबाला आले. अप्पांना ओडिया येत नाही आणि त्या मुलाला अप्पांची अहिराणी बोली. तरी त्याच्या बहिणीचे लग्न ठरले आहे आणि त्याला उचल हवी आहे हे अप्पांना ठाऊक होते, तेही चालू साच्यांच्या मधे उभे राहून समजलेले. इंग्लंडात लँकशायरच्या मागांच्या शेडमध्येही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका अशाच ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून बोलत. तिथल्या बोलीत त्या बोलण्याला 'मी-मॉइंग' असे नावही होते. माग जिथे गेला तिथे त्याने माणसांचा आवाज काढून घेतला, आणि प्रत्येक ठिकाणी माणसांनी हातांनी आपली सोय केली.

मोबाईलवर आवाज मोजायची सोय असते. तिथे आकडा शंभर डेसिबलच्या आगेमागे हलत होता. कारखान्यांसाठीच्या आपल्या नियमांचा हिशेब असा आहे की नव्वद डेसिबलला आठ तास, पंच्याण्णवला चार, आणि शंभरला दोन तास. अप्पांची पाळी बारा तासांची आहे. पंधरवड्याला दिवसपाळीची रात्रपाळी होते आणि रात्रपाळीची दिवसपाळी. कानांत घालायला त्यांच्याकडे कापूस आहे, तो त्यांनी घरून आणलेला.

बाहेर आल्यावर अप्पा मिनिटभर माझ्याशी काहीतरी बोलले. मला त्यांचे ओठ दिसले, शब्द आले नाहीत. गल्लीतली सायकल, कुत्रे, रडणारे मूल, सगळे काचेपलीकडे असल्यासारखे मुके होते. हळूहळू कान परत आले. मी विचारले, इतकी वर्षे हे कसे सोसता? त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला, मग हसले. "घर उना तरी साचा बंद व्हत नही, ताई." घरी आल्यावर, अंथरुणावर पडल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर, शेतातल्या झाडाखाली बसल्यावरही त्यांच्या कानांत साचा चालूच असतो. डॉक्टर त्याला कर्णनाद म्हणतात. रात्री जेवणानंतर मी तोच विषय वहिनींपाशी काढला. त्या साडीवर खडे चिकटवत होत्या. दारावर पोटला येतो, एका नगामागे ठरलेले पैसे मिळतात, घरकाम उरकून रात्री अकरापर्यंत चिकटवत बसायचे. डिंकाने त्यांच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा पहिल्या झटक्यात लागत नाही. माझ्या प्रश्नावर त्यांनी मान वर केली नाही. "मी जवयच ऱ्हास, पन माले थोडंच आयकू येस?"

इतक्या वर्षांचा संसार. एकच खोली, एकच पांघरूण. आणि त्याच्या कानात रात्रभर चालणारा साचा तिला एकदाही ऐकू आलेला नाही, येणारही नाही. तिच्या बोटांना यंत्र ओळखत नाही तेव्हा तिला काय वाटते हे त्याला तरी कुठे कळायला मार्ग आहे? त्या दोघांची बोली एक, गाव एक, खाणेपिणे एक. म्हणजे भाषा तोकडी पडते ती दोन प्रांतांच्या मधे, असे जे आपण समजतो ते खरे नाही. ती एका उशीवरच्या दोन डोक्यांमध्येही तोकडी पडते.

ज्ञानेश्वरांना हे फार नीट दिसले होते. अमृतानुभवात त्यांनी वाणीच्या ऋणाचा परिहार केला आणि पुढे 'शब्दखंडन' नावाचे एक अख्खे प्रकरण लिहिले. शब्दाची धाव जिथे संपते त्या जागेचे वर्णन त्यांनी शब्दांतच केले, आणि त्यासाठी आठशेच्या आसपास ओव्या खर्च केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, पंख्याखाली डिंकाचा वास घेत पडल्या पडल्या, मला त्या ओव्यांच्या संख्येचाच जास्त विचार येत होता. शब्द पुरत नाहीत म्हणून तो माणूस गप्प बसला नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खान्देशात हा सण दिवाळीइतका मोठा, आणि गोडादऱ्यात तो गावापेक्षाही दाटीने साजरा होतो, कारण गावात एका गल्लीत एका कुळाची कानबाई, तर इथे एका जिन्यावर चार. शनिवारी रात्री रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, दळणाची तयारी चालली होती. अप्पांच्या आई, ज्यांना सगळी चाळ मोठीमाय म्हणते, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दगडी जाते होते. गावचे घर मोडताना बाकी सगळे वाटून टाकले, जाते मात्र मी आले त्याच गाडीने सुरतेला आणले. वर्षातून एकदा, या रात्री ते फिरते.

आधी दुपारी मी त्यांना जात्यावरच्या गाण्यांबद्दल विचारले होते. त्यांनी दोन-तीनदा सुरुवात केली आणि थांबल्या. आठवत नाही, म्हणाल्या. मग थोड्या रागाने म्हणाल्या, "हातले काम नही ते तोंडमा गानं कसं येई?" रात्री खुंट्यावर हात पडला, दुसऱ्या बाजूने वहिनींनी हात लावला, आणि तीन-चार फेऱ्यांतच मोठीमायच्या तोंडून गाणे सुरू झाले. अडखळणे नाही, शोधणे नाही. जात्याच्या फेरीबरोबर ओळ वळत होती, मूठ घालायला हात थांबला की ओळही थांबत होती. फोनवर ध्वनिमुद्रण करायची परवानगी त्यांनी दिली होती. परत आल्यावर मी ते ऐकले. गाणे आहे, जात्याची घरघर आहे. पिठाचा ऊबदार वास, वहिनींच्या कपाळावरचा घाम, आणि म्हाताऱ्या खांद्याला दर फेरीला बसणारा हिसका, यांतले काही त्यात उतरलेले नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, चुलीपुढे, जात्यावर त्या जे रचत गेल्या ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी कागदावर उतरवून ठेवले. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. शाळेत ती आम्हांला पाठ होती. बाकावर सरळ बसून, हात मागे बांधून आम्ही ती म्हणत असू. म्हणजे जी गाणी हात चालू असताना जन्मली ती आम्ही हात बांधून शिकलो. तरीही ती आमच्यापर्यंत पोचली. मी खान्देश पाहिला नव्हता तेव्हा खान्देशची माती मला त्या पुस्तकाने दाखवली. बाई कागदाबाहेर कितीही उरली असेल, सोपानदेवांनी लिहून घेतले नसते तर जे आले तेवढेही आले नसते.

रोटाचे गहू मोजायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. मोठीमाय एकेक नाव मोठ्याने घेत होत्या आणि सुपात मूठ टाकत होत्या. थोरल्याचे नाव, अप्पांचे नाव, नातवांची नावे. मधे त्यांनी मूठ भरली, हात सुपावर आला, आणि कुठलेही नाव आले नाही. मूठ तशीच राहिली. मग ती उघडून गहू परत पोत्यात गेले आणि पुढच्या नातवाचे नाव आले. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. अप्पा उठून जिन्यात गेले. भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता तो मी आल्यापासून पाहत होते. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. पुण्यात अशा वेळी आम्ही 'बोला, मन मोकळं करा' म्हणतो, आणि ते म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही. या घरात मात्र शेजारची बाई उठून मोठीमायच्या मागे जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर तेल चोळू लागली. दळण पुढे सुरू झाले.

रविवारी चौरंगावर नारळाला नाक-डोळे, नथ, टिकली लावून कानबाई बसली. पाहुण्यांची, भाऊबंदांची रीघ लागली. लिंबायतहून, डिंडोलीहून, बारडोलीहून एका आडनावाची माणसे येत होती. पुरणाचे रोट, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. आणि या घराचा दंडक असा की रोट फक्त भाऊबंदकीनेच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. वहिनींना ते सांगताना फार जड गेले. त्यांनी माझ्यासाठी आदल्या रात्रीच वरण-बट्टी वेगळी करून ठेवली होती, तूप वेगळे कढवले होते. मी शेजारच्या ओडिया कुटुंबाच्या खोलीत बसून जेवले. त्या बाईंनी ताटात आपल्याकडचा डालमाही वाढला. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची, आणि दोघींची हिंदी सारखीच पांगळी. भिंतीपलीकडून रोटाचा वास येत होता.

मला त्या दंडकाचे वाईट वाटले नाही, उलट त्यात एक स्वच्छपणा दिसला. काही गोष्टी आतल्यांच्याच असतात हे ते घर उघडपणे सांगते आणि पाहुण्याला उपाशीही ठेवत नाही. लिहिणाऱ्या माणसाची ओढ सगळीकडे शिरायची, सगळे चाखायचे, आणि चाखले नाही तरी चाखल्यासारखे वर्णन करायचे. रोटाची चव कशी असते ते मी इथे लिहिणार नाही. मला ती ठाऊक नाही.

रात्रभर फुगड्या आणि गाणी झाली. सोमवारी सकाळी कानबाई निघाली. आमच्या जिन्यावरच्या चार आणि पुढच्या गल्लीतल्या आणखी. बायकांनी डोक्यावर चौरंग घेतले, नऊवारीतल्या म्हाताऱ्या आणि जीन्समधल्या नाती एकाच ठेक्यावर नाचत होत्या. डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे आम्हा बाकीच्यांना उभे राहवेना. अप्पा अगदी पेटीला लागून, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून नाचत होते. पलीकडे धरणगावचे ते दोघे. कुणीतरी लांबून मनगट गोल फिरवले आणि तिघेही खदखदून हसले.

दुपारी माझी निघायची वेळ झाली. अप्पा सोमवारची पाळी बुडवून घरी होते. काय लिहिणार, असे त्यांनी विचारले. मी मोठ्याने सांगितले की साच्याचा आवाज कागदावर येत नाही, तो प्रयत्न कसा करावा हे कळत नाही. त्यांनी ओठ वाचले, थोडा विचार केला आणि आपली घरची बोली सोडून सभेत बोलावे तशा मराठीत म्हणाले, "आवाज राहू द्या, ताई. तो तुम्ही ऐकला. पण जे सांगता येतं तेसुद्धा कुठे कुणी सांगितलंय? ते लिहा."

मी वही काढली. ते सावकाश सांगत गेले. पाळी बारा तासांची. साचे आठ. पैसे मीटरवर, पगारी सुट्टी एकही नाही, कानबाईची पाळी बुडाली ती बुडाली. मीटरचा भाव त्यांनी सांगितला, तो माझ्याकडे लिहिलेला आहे. इथे देत नाही, कारण त्यावरून खाते ओळखता येईल. हजेरीपत्रकात नाव नाही. पगाराची चिठ्ठी नाही. कानांची तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. त्या खात्यातल्या कुणाचीच नाही. मी त्यांना सांगितले की तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात, शेवटी जोडलेल्या रोगांच्या यादीत, आवाजाने येणारे बहिरेपण होते. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही ते व्यवसायजन्य आजार म्हणून लिहिलेले होते. म्हणजे त्यांच्या कानांत जे होते त्याला सरकारी कागदावर जागा आहे. अप्पांनी ते दोनदा बोलायला लावले. मग विचारले, "आणि मी तिथे काम करतो, हे कोणत्या कागदावर आहे?"

सिव्हिल हॉस्पिटलात कानांचा आलेख काढून मिळतो, तो आधी काढू, असे ठरले. बरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांचे जबाब लिहून घ्यायचे. धरणगावचे दोघे तयार होतील, ओडिया मुलगा बहिणीच्या लग्नानंतर. किती वर्षे साच्यावर आहात, मी विचारले. चोवीस, ते म्हणाले. मी चोवीस लिहिले आणि सगळे पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवले.

आतून वहिनी आल्या. हातातली साडी खाली ठेवून त्यांनी वहीवर बोट ठेवले. "चोवीस नही, सव्वीस. मोठी पोटमा व्हती तवय लागनात." अप्पांनी बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. मी खोडून सव्वीस केले.

"आनि रातपाळ्या येगळ्या लिखा," वहिनी म्हणाल्या. "त्या मी मोजेल शेतस."